उजेड, अंग आणि अब्रू

शीर्षक वाचून काहींनी पान उलटलं असेल, तर काहींनी आधी आजूबाजूला कोणी बघतंय का ते पाहून घेतलं असेल! दोघांनाही विनंती, शेवटपर्यंत वाचा. विषय आहे स्टुडिओबाहेर, मोकळ्या जागेत केली जाणारी ग्लॅमर आणि न्यूड फोटोग्राफी, आणि त्यातलं लायटिंग. हो, न्यूड. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं मराठी थोडं खिचडी आहे. पण या विषयावर आपण मराठीत बोलतच नाही, म्हणून मुद्दाम मराठी विभागात लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याला लायटिंग येत नाही, त्याला दुसऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कपडे कमी करायला सांगण्याचा काडीचाही अधिकार नाही. आणि ज्याला ते येतं, जो समोरच्याची परवानगी घेऊन नीट काम करतो, त्याला चोर ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. बस्स, एवढंच म्हणायचंय. आता कारणं.

मी मांजरसुंब्याची. ज्यांना हे नाव फक्त एसटीच्या पाटीवर दिसलंय त्यांच्यासाठी सांगते: बीडहून सोलापूरकडे निघालं की बालाघाटाच्या डोंगरातला घाट लागतो, तिथलं चौफुल्याचं गाव. एक फाटा पाटोद्याकडे, एक केज-अंबाजोगाईकडे. हॉटेलं, ढाबे, ट्रक, आणि मागे उघडे डोंगर. पावसाळ्यात हे डोंगर असे हिरवे होतात की बघत राहावं. आणि गेल्या काही वर्षांत या डोंगरांवर एक नवीन पीक यायला लागलंय, ते म्हणजे प्री-वेडिंग शूट! लांब झग्यातली नवरी, गॉगलवाला नवरदेव, धुराच्या नळकांड्या, वर भिरभिरणारा ड्रोन. यातले बरेचसे फोटो सरळसरळ ग्लॅमर फोटोग्राफीच असतात, फक्त आपण तसं म्हणत नाही. लग्नाचा शिक्का बसला की सगळं पवित्र!

तर आधी आपल्या सूर्याबद्दल. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'गोल्डन अवर'चं कौतुक असतं. उन्हाचा तो सोनेरी तास. पण आपल्याकडे तो तास नसतोच! मांजरसुंबा साधारण पावणेएकोणीस अक्षांशावर आहे. इथं सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. विषुवदिनाच्या आसपास गणित करून बघा: ताशी चौदा अंशांच्या आसपास. म्हणजे क्षितिजाच्या सहा अंश वर असलेला सूर्य पंचवीस मिनिटांत गायब. त्यात डोंगर मध्ये आला तर अजून लवकर. युरोपातल्या फोटोग्राफरला जे करायला तास-दीड तास मिळतो, ते आपल्याला अर्ध्या तासात उरकायचं असतं. उलट दुपार मात्र भरपूर. मे महिन्याच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथं बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. त्या वेळी चेहऱ्याचा फोटो काढा: डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, गळ्याखाली काळोख. अंगाच्या फोटोत तर आणखी वाईट. खांदे आणि छातीचा वरचा भाग पांढरा फटफटीत, बाकी सगळं काळं. कुणाचंही शरीर त्या उन्हात कसायाच्या दुकानातल्या मालासारखंच दिसतं. चूक शरीराची नसते, वेळेची असते.

याचं फिजिक्स सोपं आहे, पहिल्या वर्षालाच झालंय. सूर्य प्रचंड मोठा असला तरी आकाशात दिसतो अर्ध्या अंशाएवढा. प्रकाशाचा स्रोत जितका लहान दिसेल तितकी सावलीची कड धारदार. ढग आला की अख्खं आकाशच स्रोत होतं आणि सावल्या विरघळतात. म्हणून जून-जुलैतला ढगाळ दिवस हा आमच्या डोंगरातला सगळ्यात चांगला स्टुडिओ, आणि तोही फुकट. ढग नसेल तर तो आपण करायचा. मॉडेलच्या डोक्यावर दोघांनी धरलेलं पांढरं सुती धोतर म्हणजे उत्तम डिफ्यूजर. उजेड थोडा कमी होतो, पण कठोरपणा जातो. खालून उजेड हवा तर थर्माकोलची शीट. आमच्याकडे जमिनीचाही त्रास आहे. बालाघाटाचा काळा दगड उजेड गिळून टाकतो, हनुवटीखाली काहीच परत येत नाही. एप्रिल-मेमधलं वाळलेलं गवत पिवळा उजेड फेकतं आणि श्रावणातलं गवत हिरवा! हिरव्यागार कुरणात बसलेल्या माणसाची कातडी आजारी का दिसते, त्याचं उत्तर हे. अशा वेळी पायाशी पांढरी चादर अंथरली की रंग सुधारतो. आणि एका बाजूची सावली गडद हवी असेल, अंगाला उठाव हवा असेल, तर त्या बाजूला काळी घोंगडी धरायची. परदेशात याला 'निगेटिव्ह फिल' म्हणतात आणि त्यासाठी महागडं काळं कापड विकतात. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी तेच काम करते.

फ्लॅश वापरायचा असेल तर थोडं गणित. आयएसओ १०० ला भर उन्हात शटर साधारण एक शतांश सेकंद आणि अॅपर्चर एफ/१६. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश-सिंक एक दोनशेअंश सेकंदाच्या आसपास संपतो, म्हणजे एफ/११. आता गाइड नंबर ४० मीटरचा साधा फ्लॅश घेतला तर चाळीस भागिले अकरा, साधारण साडेतीन मीटरवर तो सूर्याची बरोबरी करतो. त्यावर सॉफ्टबॉक्स लावला की अंतर आणखी कमी. मागचे डोंगर धूसर हवेत म्हणून एफ/२.८ वर जायचं असेल तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो, पण त्याने फ्लॅशचा उजेडही तेवढाच कमी होतो, सूर्य आणि फ्लॅश यांचं प्रमाण तेच राहतं. आणि इन्व्हर्स स्क्वेअर लॉ विसरायचा नाही: अंतर दुप्पट, उजेड चौथाई. व्हायवाला आपण हे पोपटासारखं म्हणतो, डोंगरावर मात्र फ्लॅश दहा फूट लांब ठेवून 'काहीच फरक पडेना' म्हणून डोकं खाजवतो!

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात सुंदर पद्धत म्हणजे पाठमोरा उजेड. सूर्य खाली आलेला, मॉडेलच्या मागे, केस आणि खांद्यांभोवती उजेडाची बारीक रेघ. पुढून थोडा थर्माकोल, नाहीतर तोही नको. एक्स्पोजर आकाशाचं धरलं तर माणूस पूर्ण काळा होतो, फक्त आकार उरतो. शरीर आहे, पण कोणाचं ते कळत नाही. आपल्यासारख्या ठिकाणी ही फक्त स्टाइल नाही, ते संरक्षण आहे. त्याबद्दल पुढे येतेच.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतं. आपली कातडी सावळी, गव्हाळ, काळी. नुसत्या ऑटोवर सोडलं की मीटर तिला उजळ करायला बघतं आणि मग फोटोग्राफर उरलेलं काम सॉफ्टवेअरमध्ये करतो. नवरी गोरीपान, हात वेगळ्याच रंगाचे! जुन्या फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवायची कार्डं गोऱ्या बाईच्या फोटोची असायची, त्यावरून जगभरचे लॅब रंग ठरवायचे. म्हणजे आपल्या रंगाला 'चूक' ठरवण्याची सवय यंत्रातच बसवलेली होती. खरं तर सावळी कातडी उजेडाला फार छान उत्तर देते. तिच्यावर नुसता उजेड ओतायचा नसतो, तिच्यावर उजेडाचं प्रतिबिंब पडू द्यायचं असतं. मोठा, मऊ स्रोत बाजूला ठेवा, थोडं तेल लावा, की खांद्यापासून कोपरापर्यंत उजेड नदीसारखा वाहतो. सावळ्या अंगाला गोरं न करता सुंदर दाखवणं हे आपल्या मराठवाड्यातल्या फोटोग्राफरचं पहिलं काम असायला हवं.

पटत नसेल तर बीडला कंकालेश्वराच्या देवळात जा. पाण्याच्या कुंडात उभं असलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ, बाहेरच्या भिंतींवर स्त्रीमूर्ती. दुपारी बघितल्या तर सपाट वाटतात. सकाळी किंवा चार-साडेचारनंतर तिरपं ऊन भिंतीला घासून जायला लागलं की त्याच मूर्तींच्या कंबरेला वळण येतं, हातांना वजन येतं. त्या कारागिरांना एफ-स्टॉप माहीत नव्हता, पण उजेड कुठून येणार हे पक्कं माहीत होतं. आणि हो, त्या मूर्तींच्या अंगावर कपडे किती आहेत यावरून देवळात आलेल्या एकाही आजीला मी नाक मुरडताना बघितलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. लायटिंग न येणं हा नुसता तांत्रिक दोष का नाही? माझ्या आतेबहिणीचं प्री-वेडिंग आमच्याच घाटात झालं. तिच्यासोबत मी गेले होते. फोटोग्राफर शहरातून आलेला, नाव सांगत नाही. वेळ सकाळी अकरा. 'मॅडम, ओढणी काढा', 'मॅडम, खांदा थोडा मोकळा', 'सर, जवळ घ्या', आणि मग स्वारी मेनूमध्ये शिरून बटणं दाबत बसायची. ताई तशीच उन्हात उभी. रस्त्यावरून जाणारा ट्रक हॉर्न वाजवून जातोय, तिघं-चौघं मोबाइल काढून उभे राहिलेत. 'मॅडम, अजून एक.' असं दोन तास चाललं. मी शेवटी तिच्यासमोर चादर धरून उभी राहिले तेव्हा तो म्हणाला, 'तुमची सावली पडतेय.' अहो, सावलीच तर पाहिजे होती!

त्या दिवशी ताईचे कपडे काही फार कमी नव्हते. तरी ती उघडी पडली, कारण समोरच्याला त्याचं काम येत नव्हतं. इंग्रजीतला 'एक्स्पोजर' हा शब्द दोन्हीकडे चालतो बघा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ज्याला ठरवता येत नाही तो माणसाचं एक्स्पोजर वाढवतो. ज्याला येतं तो आधी येऊन जागा बघतो, सूर्य कुठे मावळणार हे कंपासवर बघतो, कपडे घातलेल्या मित्राला उभं करून लाइट लावतो, टेस्ट फोटो काढतो. तोपर्यंत मॉडेल सावलीत चादर किंवा गाऊन गुंडाळून चहा पीत बसते. सगळं तयार झालं की दहा मिनिटांचं काम. म्हणून म्हणते, लायटिंग येणं हा सभ्यतेचाच भाग आहे.

'पण याची गरजच काय? आपली संस्कृती...' हा आवाज मला आत्ताच ऐकू येतोय. संस्कृतीचंच बोलू. र. धों. कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीची चित्रं छापली. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे ते मराठीतून सांगत होते, तेही त्या काळात. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ चा खटला चित्रांवरून नव्हता, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता, आणि त्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरोधात गेला, दंड झाला, पण मासिक १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं. म्हणजे हा वाद पाश्चात्त्यांकडून कालपरवा आलेला नाही, तो आपल्याच घरातला आहे.

पुढची उदाहरणंही मराठीच. १९९५ मध्ये मिलिंद सोमण आणि मधु सप्रे यांची बुटांची जाहिरात आली. अंगावर बूट आणि एक अजगर, फोटोग्राफर प्रबुद्ध दासगुप्ता. खटला चालला चौदा वर्षं, २००९ मध्ये सगळे निर्दोष. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसणाऱ्या मॉडेल बाईवर आहे. तो २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून ऐनवेळी वगळला गेला आणि २०१८ मध्ये थेटरात लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये मिलिंद सोमण पुन्हा चर्चेत. पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा, बायकोने काढलेला फोटो, आणि गुन्हा दाखल. त्याच आठवड्यात काणकोणच्या चापोली धरणावर झालेल्या एका शूटवरून एका अभिनेत्रीला अटक झाली. लोकांनी तेव्हाच विचारलं की पुरुष धावला तर बातमी आणि बाई दिसली तर अटक, असं का? प्रश्न चुकीचा नाही.

कायद्याची दुसरी बाजूही बघा. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं नग्न आहे म्हणून चित्र अश्लील ठरत नाही, ते पूर्ण संदर्भात आणि आजच्या समाजाच्या मापाने बघायचं. तो फोटो टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा होता, आणि तो वर्णद्वेषाविरुद्ध होता. म्हणजे न्यायालयाने कपडे मोजले नाहीत, हेतू बघितला.

पण मित्रांनो, विशेषतः मुलांनो, इथं नीट ऐका. जो कायदा कलेला जागा देतो तोच कायदा चोरून काढलेल्या फोटोला तुरुंग दाखवतो. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात स्पष्ट आहे: स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना पाठवायला दिली नसेल, तर पाठवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई वेगळं. 'तिनेच काढू दिला होता' हे हॉस्टेलमधलं आवडतं वाक्य कोर्टात चालत नाही.

यावर एक आक्षेप मला खरंच मान्य आहे. ग्लॅमर फोटोग्राफीचा मोठा भाग हा बाईचं शरीर वापरून काहीतरी विकण्याचा असतो. टायर, परफ्यूम, कॅलेंडर. त्यात बाईचं मत कोणी विचारत नाही. आणि आपल्या भागात फोटो बाहेर फुटला तर किंमत फोटोग्राफर देत नाही, मुलगी देते. तिचं शिक्षण थांबतं, लग्न मोडतं, कधी त्याहून वाईट. हे मी शहरातल्या गप्पांवरून नाही, गावातल्या अनुभवावरून सांगतेय. पण म्हणून उत्तर बंदी आहे का? बंदीने फोटो थांबत नाहीत, फक्त अंधारात जातात. आणि अंधारात सगळ्यात जास्त धोका कोणाला, हे मुलींना सांगायला नको.

म्हणून काही साधे नियम मला सुचतात. मॉडेलचं वय अठरा पूर्ण, कागद बघून. संमती लेखी, मराठीत, आणि फोटो कुठे दाखवणार, कुठे नाही हे त्यात लिहिलेलं. तिच्या विश्वासातली एक मैत्रीण सोबत, फोटोग्राफरची नव्हे, तिची. स्क्रीन कधीही बघायचा आणि 'आता पुरे' म्हणायचा हक्क तिचा. ओळख लपवायची असेल तर पाठमोरा उजेड, पण तीळ, गोंदण, अंगठी, पैंजण यांवरूनही माणूस ओळखू येतो हे लक्षात ठेवायचं. फाइलमधली लोकेशनची माहिती पुसून टाकायची. आणि जागेचीही संमती हवी. आमच्याजवळच कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी, सुंदर धबधबा. फोटोसाठी जागा अप्रतिम, पण तिथं माणसं श्रद्धेने येतात. तिथं हे करायचं नाही, पॉइंट. कोणाचं तरी खासगी शेत, मालकाला सगळं खरं सांगून घेतलेली परवानगी, रस्त्यावरून न दिसणारा कोपरा, एवढं पुरतं. एडवर्ड वेस्टनने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर चॅरिस विल्सनचे जे न्यूड काढले, त्यात तरी काय होतं? वाळू, ऊन आणि एकमेकांवरचा विश्वास. फ्लॅश नाही, सेट नाही.

शेवटी आपल्या कॉलेजकडे एक मागणी. आपल्या फोटोग्राफी क्लबमध्ये दरवर्षी सूर्यास्त, पाण्याचा थेंब आणि म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या यापलीकडे गाडी जात नाही. न्यूड शूट करा असं मी म्हणत नाहीये, प्राचार्यांनी घाबरू नये! पण माणसाच्या अंगावर उजेड कसा पडतो, सावळ्या कातडीचं एक्स्पोजर कसं ठरवायचं, आणि कोणाचाही फोटो काढण्याआधी संमती कशी मागायची, याची दोन दिवसांची कार्यशाळा तरी घ्या. कपडे घातलेल्या माणसांवरच घ्या. आपल्यातले निम्मे जण पुढे लग्नाचे फोटो काढून खिसा भरतात हे सगळ्यांना माहीत आहे. ते उद्या कोणाच्या तरी ताईला उन्हात उभं करणार आहेत. निदान त्यांना धोतर कसं धरायचं आणि नजर कुठे ठेवायची, एवढं तरी शिकवून पाठवूया.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन